अकरा मुलांचा पेपर

तो पेपर बाईंनी चोरून घेतला नव्हता. परवानगी मी दिली होती, लेखी दिली होती, आणि चौकशी समितीपुढं मीच म्हणालो की असा कोणताही अर्ज माझ्याकडे आलेला नाही. हे आधी लिहून टाकतो. गेल्या महिन्यात चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा बाईंच्या गमतीजमती सांगता सांगता या वाक्याच्या अलीकडेच उठलो. उठायचं, गच्चीवर दोन फेऱ्या मारायच्या, परत बसायचं, पुन्हा उठायचं. या वयात गुडघे एवढं सहन करत नाहीत.

शाळेची स्मरणिका निघते आहे. माजी मुख्याध्यापक म्हणून माझ्याबद्दल तिच्यात पाऊण पान आहे आणि ते तपासायला माझ्याकडे पाठवलं होतं. त्यात एक ओळ अशी: ‘नववीच्या वार्षिक परीक्षेत गैरप्रकार करणाऱ्या शिक्षिकेची त्यांनी गय केली नाही.’ माझी विनंती आहे की ते पाऊण पान काढावं आणि त्या जागी हे छापावं.

शिक्षिकेचं नाव त्या ओळीत नाही. मीही देत नाही, कारण त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “नाव कशाला? शाळेत मला कुणी नावानं हाक मारली होती का?” खरं आहे. शाळेत आणखी नऊ बाई होत्या, पण ‘बाई चिडल्यात’ म्हटलं की कोण, ते शिपायापासून पाचवीच्या पोरापर्यंत सगळ्यांना कळायचं.

आणि बाई चिडायच्या. त्या प्रेमळ होत्या असा कुणाचा समज होऊ नये. प्रार्थनेला कधी वेळेवर आल्या नाहीत. स्टाफरूममध्ये कच्चा कांदा बुक्कीनं फोडून खायच्या. गुरुवारी सगळ्या शिक्षिकांनी एकसारखी साडी नेसायची असं संस्थेनं ठरवलं, तर बाई मुद्दाम गुरुवारी सगळ्यात भडक साडी नेसून यायच्या. “पोरांना गणवेश आहे तेवढा पुरे,” म्हणायच्या. स्कूटीच्या हँडलला दोन पिशव्या. एकीत वह्या, दुसरीत कंगवा, नेलकटर, सेफ्टी पिना आणि लहानमोठ्या मापाच्या चपलांचे चार-पाच जुने जोड. अक्षर इतकं वाईट की फळ्यावरचा आकडा चार आहे की नऊ, हे मुलांना त्यांनाच विचारून घ्यावं लागे.

शिकवायच्या गणित. आठवी-नववीला.

त्यांच्या वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणून चालत नसे. कालपासून आजपर्यंत जे काही झालं असेल त्यातलं एक सांगायचं. मी राउंडला गेलो की दाराबाहेर ऐकू यायचं. “शेळी व्याली, बाई.” “अब्बूकू बुखार है.” “मामाच्या लग्नाचं ठरलं.” “रात्री लाइट नव्हती.” या सगळ्यात दहा-बारा मिनिटं जायची. एखाद्या पोरानं ‘काही नाही’ म्हटलं तर बाई पुढं जायच्या. तीन दिवस सलग ‘काही नाही’ आलं, की चौथ्या दिवशी संध्याकाळी बाईंची स्कूटी त्या पोराच्या घरापुढं. तिथं काय बोलत ते कधी शाळेत सांगितलं नाही. फक्त कधी कधी दुसऱ्या दिवशी त्या पोराचा बाक बदललेला असे, किंवा वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात सतरंजीवर ते झोपलेलं दिसे.

ती सतरंजी हा माझा आणि त्यांचा पहिला मोठा खटका. भर तासाला, त्रिकोणाचे गुणधर्म चालू असताना, मागं एक पोरगं अंगावर शाल घेऊन घोरत होतं. मी बाईंना बाहेर बोलावलं.

“हे काय आहे?”

“झोपलंय.”

“ते दिसतंय मला. शाळेत?”

“घरी झोपू देत नाहीत सर. बाप दारू पिऊन आला की याला आईपुढं उभं राहावं लागतं. झोपेला आलेल्या पोराला भूमिती दहादा सांगावी लागते, झोप झालेल्याला एकदा. माझा वेळ वाचतो.”

आमच्या चित्रकलेच्या सरांनी स्टाफरूममध्ये विचारलं, “बाई, तुमचा वर्ग आहे का दवाखाना?” बाई कांदा चावत म्हणाल्या, “दवाखान्यात निदान नाडी बघतात हो. तुम्ही काय बघता?”

त्यांची आणखी एक रीत होती. एखादं पोर खोटं बोलतंय हे कळलं तरी वर्गात त्याला उभं करत नसत. “बस खाली,” म्हणायच्या आणि पुढचं गणित घ्यायच्या. शाळा सुटताना ते पोर आपण होऊन त्यांच्या स्कूटीपाशी घुटमळत असे. मी हे अनेकदा खिडकीतून पाहिलं आहे, आणि बाई मुलांना डोक्यावर चढवून ठेवतात असं गोपनीय अहवालात लिहिलंही आहे.

आता पाण्याचं सांगतो. तेव्हा शहराचं नाव वेगळं होतं, नळाची तऱ्हा मात्र हीच. आता आठवड्यावर गेलं आहे, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी यायचं. कधी येणार ते आदल्या दिवशीही नक्की नसे. उस्मानपुऱ्याच्या मागच्या वस्त्यांतून आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांचे आईबाप सकाळी कामावर गेलेले असत. मग नळ आला की ड्रम, हंडे, बादल्या भरायला कोण थांबणार? पोरं. हजेरीपत्रकावर ती गैरहजर. मी त्यांना पट्टी मारायचो. बाईंनी वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावला. उभ्या ओळीत गल्ल्या, आडव्या ओळीत वार, आणि कुठल्या गल्लीला कधी पाणी आलं त्याची रोज खूण. पाण्याच्या लाइनमनचा मुलगा त्यांच्याच वर्गात होता, त्यामुळं खबर पक्की असे. ज्या दिवशी जास्त गल्ल्यांना पाणी, त्या दिवशी बाई चाचणी घेत नसत आणि नवा धडाही घेत नसत.

बीजगणितसुद्धा त्यांनी त्यातूनच शिकवलं. “क्ष म्हणजे काय रे?” वर्गातून एका सुरात उत्तर यायचं, “नळ कधी येणार ते.” बाई म्हणायच्या, “बरोबर. कुणालाच माहीत नसतं, आणि सगळा दिवस त्याच्यावर मांडावा लागतो. आता शोधून काढा.” त्यांच्या वर्गातली मुलं बीजगणिताला घाबरत नसत, हे मला मान्य करावं लागतं. तेव्हा केलं नाही.

तो तक्ता काढून टाका, असं पत्र मी बाईंना दिलं होतं. त्यांनी काढला नाही. आणि आमच्या घरी पाण्याचा दिवस कोणता, हे मी जाता-येता त्याच तक्त्यावर बघत होतो.

बाई बौद्ध घरातल्या. वडिलांनी रेल्वे स्टेशनवर हमाली करून शिकवलेल्या. हे एरवी सांगायची गरज नव्हती, पण पुढं जे झालं त्यात ते वापरलं गेलं, म्हणून सांगावं लागतं.

नववीच्या वार्षिक परीक्षेच्या आधी जायकवाडीहून येणारी मोठी लाइन फुटली. आठ दिवस अख्ख्या भागात थेंब नाही. नवव्या दिवशी सकाळी एका वस्तीला पाणी सोडलं, आणि त्याच सकाळी बीजगणिताचा पेपर होता. त्या वस्तीतली अकरा मुलं आलीच नाहीत. नियमानं ती अकराही नापास.

दुपारी बाई व्हरांड्यात मला आडव्या आल्या. हातात अर्ज. त्यांचे अर्ज अर्जासारखे नसायचे. ‘महोदय, घरात आठ दिवसांनी पाणी आलं असता मी स्वतः पेपरला आले असते की नाही, याचा विचार केला,’ अशी सुरुवात. शनिवारी दुपारी वेगळी प्रश्नपत्रिका काढून या अकरा जणांचा पेपर घ्यावा, असं म्हणणं होतं. मी उभ्या उभ्या वाचला. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. त्याच सकाळी माझी बायको एकटी टँकरच्या बादल्या दोन मजले चढवत होती. मी कोपऱ्यात ‘हरकत नाही’ लिहिलं, सही केली आणि अर्ज आवक नोंदीला द्यायचा म्हणून खिशात ठेवला. द्यायचा राहिला.

आमच्याकडे कुणीही अर्ज दिला की दोन प्रती करतो आणि दुसरीवर कारकुनाकडून पोच घेतो. शिपाईसुद्धा रजेच्या चिठ्ठीची पोच घेतो. बाई कधी घेत नसत. कारकून त्यांना म्हणायचे, “बाई, एक दिवस अडचणीत याल.” बाई म्हणायच्या, “मी मुख्याध्यापकांना अर्ज देते, पोस्टाच्या पेटीत टाकत नाही.”

पेपर झाला. अकरापैकी नऊ पास झाले. एका मुलीला तर साऱ्या वर्गात जास्त गुण पडले.

निकालानंतर संस्थेचे सचिव शाळेत आले. त्यांचा पुतण्या त्याच पेपरात नापास झाला होता. पेपरला हजर असलेला नापास आणि गैरहजर पास, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी तिघांची समिती नेमली, स्वतः अध्यक्ष झाले आणि माझ्याच खोलीत, माझ्याच टेबलाशी बसले. मी बाजूच्या खुर्चीवर. टेबलाच्या वरच्या खणात तो अर्ज होता. आदल्या दिवशी मी शोधून वर काढून ठेवला होता, दाखवायचा म्हणूनच. यावर कुणी विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही.

पण सकाळी समिती बसण्याआधी सचिव मला म्हणाले, “सर, तुमच्या सूनबाईंची ऑर्डर पुढच्या बैठकीत काढायची आहे ना? लक्षात आहे माझ्या.” आमच्या सुनेची संस्थेच्या प्राथमिक शाळेत नेमणूक व्हायची होती. ते एवढंच बोलले. मला निवृत्तीला सात महिने राहिले होते.

बाई आल्या. सचिवांनी विचारलं, “काय बाई, एकाच वस्तीची अकरा पोरं बरी सापडली तुम्हाला?”

“मी कुठं शोधली? लाइनमननं व्हॉल्व्ह फिरवला. त्याच्याखाली जी आली ती आली.”

“आपल्या समाजाची म्हणून जरा जास्त माया.”

“यादी वाचा ना साहेब. शेख आहेत, जाधव आहेत, गायकवाड आहेत. हंडा घेऊन रांगेत उभं राहिलं की एकच समाज होतो.”

“शब्द छान आहेत. परवानगी कुणाची होती?”

बाई माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती. “सर, तुम्ही सांगा ना.”

मी समोरचा पाण्याचा पेला उचलला, न पिता खाली ठेवला, असं दोन-तीनदा झालं. मग म्हणालो, “माझ्याकडे असा कोणताही अर्ज आलेला नाही.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या आता तोंड सोडणार असं मला वाटलं. सोडलं असतं तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो, काहीतरी बाहेर पडलं असतं. त्या समितीकडे वळून म्हणाल्या, “मग आला नसेल,” आणि पिशवी उचलून निघून गेल्या.

अकरा मुलांचा पेपर रद्द झाला. शाळेत सगळीकडे बोललं गेलं की बाईंनी प्रश्न आधी सांगून कॉपी करवली. हे कुणी सुरू केलं ते मला ठाऊक नाही. थांबवणं माझ्या हातात होतं. बाईंच्या सेवापुस्तकात शेरा गेला आणि त्यांना संस्थेच्या लांबच्या एका खेड्यातल्या शाळेत पाठवलं. नोकरी संपेपर्यंत त्या एसटीनं जाऊन-येऊन करत होत्या. आमच्या सुनेची ऑर्डर निघाली. ती चांगली शिक्षिका आहे, तिला यातलं काही माहीत नाही. आता कळेल.

तो अर्ज फाडायचा असं मी निदान वीस वेळा ठरवलं. निवृत्त झालो त्या दिवशी खण रिकामा करताना तो घरी आणला आणि माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रामागं ठेवला. बायको गेली, तिलाही सांगितलं नाही.

स्मरणिकेतली ती ओळ वाचल्यावर दोन दिवस मला घरात बसवेना. तिसऱ्या दिवशी उस्मानपुऱ्यात बाईंचं घर शोधून काढलं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत आठ-दहा मुलं वह्या उघडून बसलेली. सतरा वर्षांनी दार उघडून बाई म्हणाल्या, “सर? या. चप्पल आत घ्या, कुत्रं नेतं.”

मुलांना त्यांनी आतल्या खोलीत पाठवलं. मी अर्ज त्यांच्या हातात दिला. बोलायचं बरंच पाठ करून आलो होतो, त्यातलं एकही वाक्य आठवेना. बाईंनी चष्मा लावून पूर्ण वाचला, खालची माझी सही पाहिली.

“किती घाण अक्षर होतं हो माझं,” त्या म्हणाल्या.

“बाई, मी त्या दिवशी...”

“माहितीये मला. तीनदा पेला उचललात, एकदाही प्यायला नाहीत. खोटं बोलणारं पोर असंच करतं. चारचौघांत त्याला उघडं पाडायचं नसतं, ते पुन्हा तोंड वर करत नाही. मला वाटलं, संध्याकाळी याल घरी.” त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात परत दिली. “संध्याकाळ फार लांबली, सर.”

मी म्हणालो, मी संस्थेला लिहून दिलं आहे, अर्जाची झेरॉक्स जोडली आहे, शेरा काढायला सांगितलं आहे, स्मरणिकेतही सगळं लिहिणार आहे.

“लिहा. माझं चांगलंच होईल. पण माझं काय, मी शिकवत राहिले. तिकडच्या पोरांनाही घरं होतीच. दहा जणं परत नववीला बसली, काही ना काही झाली. सुजाताचं काय?”

“कोण सुजाता?”

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. त्या खोलीत मी जेवढा वेळ होतो त्यात हा वेळ सगळ्यात वाईट गेला.

“वर्गात सगळ्यात जास्त गुण पडलेली,” त्या म्हणाल्या. “चितेगावला असते. आईला घेऊन राहते, कंपनीत पॅकिंगला जाते. पत्ता देते.”

“तुम्ही याल का बरोबर?”

“मी कशाला?”

“मी सविस्तर लिहितोच आहे, तिला एक प्रत...”

“ती स्मरणिका वाचते का? सर, ज्याला लागलं त्याच्यापाशी जाऊन बोलायचं असतं. एवढं मी पाचवीच्या पोराला सांगते.” आणि आतल्या खोलीकडे तोंड करून, “या रे बाहेर. सर निघाले.”

पैठण रोडनं रिक्षात बसून गेलो. दोनदा रिक्षावाल्याला वळवायला सांगावं असं वाटलं, एकदा सांगितलंही. तो म्हणाला, “चाचा, ठरवा एकदा.” चितेगावात कंपन्यांच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची गल्ली आहे. सुजाता नुकतीच पाळीवरून आली होती. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खाली साडी. मला तिचा चेहरा आठवला नाही. तिनं मला लगेच ओळखलं.

“जयभीम सर. तुमी इकडं कसे?”

मी उभ्यानंच अर्ज पुढं केला. तिनं वाचला. सही वाचली. तारीख वाचली. मग परत पहिल्यापासून वाचला.

“म्हणजे पेपर खरा होता?”

“खरा होता. सगळ्यात जास्त गुण तुझे होते.”

“ते म्हाईत हाय. बाईंनी सांगितलं होतं.” तिनं दाराच्या चौकटीला हात लावला. “घरी कुणी खरं धरलं नाय ते. बाप म्हणला, शिकायसाठी गाव सोडलं आन् पोरगी चोरी करून आली. दप्तर माळ्यावर टाकलं. मी दरवर्षी जयंतीला भाषण करायची, सर. त्या वर्षी वस्तीतले म्हणले, हिला नका उभं करू. पुढच्या उन्हाळ्यात लगीन लावून दिलं. ते बी टिकलं नाय.”

तिनं मागं वळून खोलीत पाहिलं. ती म्हणाली, “आई आत हाय. तिला सांगा.”

“तू सांगितलंस तर...”

“मी सतरा वर्षं सांगतीया. तुमी सांगा.”

आई दाराशी येऊन बसली, पुढ्यात सूप घेऊन, गहू निवडत. खडी मशीनवर उमर गेली, तिथंच कान गेले, असं सुजातानं सांगितलं. मी वाकून म्हणालो, “त्या वेळी परीक्षेच्या बाबतीत जरा गैरसमज झाला होता.”

“आँ?”

“गैरसमज नाय सर,” सुजाता म्हणाली. “काय झालं ते सांगा. आन् मोठ्यानं.”

मी मोठ्यानं म्हणालो, “तुमच्या मुलीनं कॉपी केली नव्हती. खोटं मी बोललो होतो.”

समोरच्या खोलीचा पडदा सरकला. नळाच्या ओट्यावर भांडी घासणाऱ्या दोन बायका थांबल्या. मोटारसायकल पुसणारा एक माणूस फडकं हातात धरून आमच्याकडे पाहू लागला.

“कोन बोललं खोटं?” आईनं विचारलं.

“मी. मी शाळेचा मुख्याध्यापक होतो.”

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे नाही, मुलीकडे पाहिलं. मग म्हणाली, “तुझा बाप ऐकायला पायजे होता.” सुजातानं तोंड फिरवलं.

मी हात जोडले आणि निघायला वळलो.

“थांबा,” म्हातारी म्हणाली. “परत म्हना. तिकडं तोंड करून म्हना.”

मी गल्लीकडे तोंड केलं आणि परत म्हणालो.